बाळाचे पहिले ४८ तास : हिरवी उलटी, अडलेली शी आणि पुढची धावपळ

नवजात कक्षात काम करताना मी आज्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आले आहे: बाळाच्या उलटीचं दुपटं धुऊ नका, तसंच घडी करून आणून दाखवा. दुधाचा डाग पांढरा असतो. चिकाचा डाग पिवळसर असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण पालक वाटून कापडावर सांडावा तसा हिरवा डाग दिसला, की मी हातातलं काम ठेवून डॉक्टरांना फोन लावते. एकदा एक आजी म्हणाल्या, "सिस्टर, धुऊन वाळत घातलं हो, सुनेनं बघून घाबरू नये म्हणून." रंग कसा होता ते त्यांना सांगता येईना. शेवटी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बोट करून म्हणाल्या, "तसा." तेवढ्यावर बाळाला रात्रीच पुढे पाठवलं. आतड्याला पीळ पडला होता. वेळेत पोचलं म्हणून बाळ वाचलं.

आईवडील, आज्या, आशाताई आणि छोट्या प्रसूतिगृहांतल्या माझ्या सहकारी सिस्टर यांच्यासाठी हे लिहिते आहे. अन्ननलिका जन्मतःच तुटक असणं साधारण ३ ते ४ हजार बाळांमागे एकात दिसतं. शीची जागा नीट न उघडलेली असणं साधारण ५ हजारांत एकात, आणि आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसणं, ज्याला डॉक्टर हर्षस्प्रंग म्हणतात, तेही तेवढ्याच प्रमाणात. यातल्या बहुतेक दोषांवर आज चांगलं ऑपरेशन आहे. पण ऑपरेशनच्या टेबलावर बाळ कोमट, गुलाबी आणि कोरड्या फुप्फुसांचं पोचतं की गारठून, निळं पडून पोचतं, यानं फार मोठा फरक पडतो. तो भाग आपल्या हातात असतो.

आधी आईच्या मनावरचं ओझं उतरवा

असं बाळ जन्मलं की घरात पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो. ग्रहणात भाजी चिरली होतीस का? पपई खाल्लीस का? जिना उतरताना पोटावर ताण आला का? यातल्या कशानंही आतडं बंद होत नाही. अन्ननलिका आणि श्वासनलिका गर्भाच्या चौथ्या आठवड्यात एकाच नळीतून वेगळ्या होऊ लागतात. तेव्हा आपल्याला दिवस गेलेत हेसुद्धा कित्येक जणींना ठाऊक नसतं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढणारं आतडं पोटात मावत नाही म्हणून नाळेत शिरतं, आणि दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पाऊण फेरा घेत परत पोटात येऊन बसतं. हा फेरा अर्धवट राहिला की आतडं पोटाच्या भिंतीला नीट चिकटत नाही, अरुंद देठावर लोंबकळतं आणि पुढे कधीही पिळवटू शकतं.

लहान आतड्याचा एखादा तुकडा बंद असण्याचं कारण तर १९५५ साली केपटाऊनमध्ये लाऊ आणि बर्नार्ड यांनी कुत्रीच्या गर्भावर प्रयोग करून दाखवलं: गर्भात असतानाच त्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. हे तेच ख्रिस्तियान बर्नार्ड, ज्यांनी पुढे १९६७ मध्ये माणसावर पहिलं हृदयारोपण केलं. आईनं काय खाल्लं, कुठे गेली, कोणाची नजर लागली, याचा यात काही संबंध नाही. हे घरातल्या मोठ्या माणसानं, शक्यतो सासूनं किंवा नवऱ्यानं, सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलून दाखवावं. बाळंतिणीचा जीव ठिकाणावर असेल तर दूध टिकतं, आणि या बाळांना पुढे त्या दुधाची फार गरज लागते.

पहिली पायरी : जन्माआधीच्या खुणा

"सोनोग्राफी तर नॉर्मल होती," हे मी कित्येकदा ऐकलं आहे. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी खरोखर नॉर्मल असू शकते. शीची जागा त्यात सहसा कळत नाही. जठराच्या पुढचा ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, बंद असेल तर दोन फुगे शेजारी दिसतात, पण तेही बऱ्याचदा नंतरच्या महिन्यांत. खरी खूण म्हणजे गर्भजल वाढणं. बाळ पोटात असताना ते पाणी गिळत असतं. वाट बंद असेल तर गिळलेलं पुढे जात नाही आणि पाणी साठतं. रिपोर्टवर 'पॉलिहायड्रॅम्निऑस' असा शब्द असेल, तर बाळंतपण कुठे करायचं ते तेव्हाच ठरवा, जिथे नवजात अतिदक्षता आणि बाळांचे सर्जन जवळ असतील तिथे. पोटात बसलेलं बाळ घेऊन केलेला प्रवास हा सगळ्यांत सुखरूप प्रवास असतो.

दुसरी पायरी : पुसताना वरपासून खालपर्यंत बघा

बाळ रडलं, कोरडं केलं, आईच्या छातीवर दिलं. त्यानंतर निवांत उजेडात पाय वर धरून शीची जागा बघायची. छिद्र आहे का, आणि जागच्या जागी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलगा असेल तर त्या जागी नुसता खळगा दिसू शकतो, किंवा वृषणपिशवीच्या मधल्या रेषेवर काळ्या मण्यांसारखे ठिपके. शूमधून काळपट हिरवं काही आलं, तर आतडं मूत्रमार्गाला जोडलेलं आहे असं समजायचं.

मुलींच्या बाबतीत मात्र फसगत होते, आणि ती माझ्याकडूनही झाली आहे. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. एका मुलीचं दुपटं काळ्या शीनं भरलेलं होतं, मी वहीत 'शी झाली' असं लिहिलं आणि पुढे गेले. शी कुठून झाली ते मी पाहिलं नाही. ती येत होती योनिमार्गाच्या तोंडाशी असलेल्या एका बारीक छिद्रातून. मुलींमध्ये या दोषाचा हाच प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो. अंगावरचं दूध पिताना शी पातळ असते, म्हणून निभावतं. ती मुलगी चौथ्या महिन्यात पोट फुगून, कुंथून कुंथून परत आली. उपचार झाले, ती बरी आहे. पण ते चार महिने तिच्या वाट्याला आले ते माझ्या अर्ध्या नजरेमुळे. तेव्हापासून मुलीच्या जन्मानंतर मी तिन्ही जागा वेगवेगळ्या दिसताहेत का, हे बघितल्याशिवाय दुपटं बांधत नाही. शूची, योनीची, शीची.

घरी कोणी बोट, काडी किंवा थर्मामीटर घालून बघू नये. नुसतं बघणं पुरेसं आहे.

तिसरी पायरी : पहिलं दूध पाजण्याआधी आणि पाजताना

अन्ननलिका तुटक असलेल्या बाळाची लाळसुद्धा खाली उतरत नाही. तोंडाशी सारखा फेस येतो, पुसला की पुन्हा येतो. साबणाच्या बारीक बुडबुड्यांसारखा. दूध दिलं की ठसका लागतो, ओठ निळे पडतात. असं एकदा झालं की 'दुसऱ्यांदा पाजून बघू' म्हणायचं नाही. शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी बाळांत वरचं टोक बंद असतं आणि खालचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं असतं. वरून दूध आणि खालून जठरातलं आम्ल, दोन्ही फुप्फुसात जाऊ शकतं.

सिस्टरांसाठी: संशय आला तर तोंडातून १० नंबरची जरा कडक नळी घाला. ती ओठांपासून साधारण १० सेंटिमीटरवर अडते, आणि हाताला रबरावर आपटल्यासारखं लागतं. मऊ, बारीक नळी वापरू नका. ती वरच्या पिशवीतच गुंडाळी करून बसते आणि पुढे गेली असं वाटतं. नळी आत ठेवूनच छातीपोटाचा एक्स-रे काढा. पोटात हवा दिसली तर खालचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं आहे हेही त्याच फोटोत कळतं.

जन्मतःच मध, गुळाचं पाणी, बाळगुटी किंवा एरंडेल चाटवायची चाल अजून आहे. धडधाकट बाळालाही ते देऊ नये. अशा बाळाच्या तर ते थेट छातीत उतरतं.

चौथी पायरी : शी कधी झाली, वेळ लिहा

पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना पहिल्या २४ तासांत काळी, चिकट शी होते. २४ तास झाले तरी नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. ४८ तास झाले तर घरी पाठवायचं नाही. हल्ली दुसऱ्याच दिवशी डिस्चार्ज मागतात, म्हणून ही वेळ कागदावर हवी. आशाताईंची पहिली गृहभेट दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी असते. त्या भेटीत 'शी होते का' इतकंच न विचारता 'पहिली शी किती तासांनी झाली' असं विचारलं, तर हर्षस्प्रंगची बाळं लवकर सापडतील.

या आजारात आतड्याच्या शेवटच्या भागाला ढकलण्याची चालना नसते. शी उशिरा होते, पोट नगाऱ्यासारखं फुगतं, डॉक्टरांनी तपासताना बोट काढलं की शी आणि वारा एकदम जोरात बाहेर पडतो आणि पोट बसतं. घरच्यांना वाटतं, मोकळं झालं. चार दिवसांनी पुन्हा तेच. सपोझिटरी, म्हणजे शीच्या जागेतून द्यायची गोळी, आणि साबणाच्या वडीवर महिने काढलेली बाळं मी पाहिली आहेत. यातला खरा धोका आतड्याच्या सुजेचा: ताप, घाण वासाची पातळ शी, फुगलेलं पोट आणि मलूल पडलेलं बाळ. हे जुलाब समजून ओआरएसवर ठेवायचं नसतं. त्याच तासाला दवाखाना गाठायचा. हर्षस्प्रंगचं ऑपरेशन झालेल्या मुलालाही ही सूज पुढे येऊ शकते.

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. ज्या आजीनं ते केलं तिला बाळ वाचवायचंच होतं, म्हणून तिच्यावर ओरडून काही साधत नाही. पण पोट आतून अडलेलं आहे, बाहेरच्या चटक्यानं वाट मोकळी होत नाही आणि जखमेतून जंतू शिरतात, हे तिला शांतपणे, हात धरून सांगावं लागतं.

पाचवी पायरी : उलटीचा रंग

पित्त ड्युओडेनममध्ये उतरतं. हिरवी उलटी म्हणजे त्या जागेच्या पुढे कुठेतरी वाट अडली असावी. प्रत्येक हिरव्या उलटीला ऑपरेशन लागतंच असं नाही, काही बाळांना जंतुसंसर्ग निघतो. पण ते ठरवायचं सर्जननं, आपण नाही.

सगळ्यांत फसवा आजार आतड्याच्या पिळाचा. बाळ कालपर्यंत नीट दूध पीत होतं, शीसुद्धा झाली होती. आज अचानक हिरवी उलटी. पोट मऊ, सपाट, बाळही बरंच टवटवीत. म्हणून 'सकाळी बघू' असं ठरतं. पीळ बसलेल्या आतड्याचं रक्त तुटलेलं असतं आणि काही तासांत ते काळं पडतं. पोट फुगलं, शीत रक्त आलं, म्हणजे उशीर झाला. यातली बरीच बाळं पहिल्या महिन्यातच आजारी पडतात, म्हणून बाराव्या दिवशी बारशाच्या गडबडीत झालेली हिरवी उलटीसुद्धा तितकीच महत्त्वाची. यावरचं ऑपरेशन बोस्टनच्या विल्यम लॅड यांच्या नावानं ओळखलं जातं. त्यांनी ते १९३६ मध्ये मांडलं आणि आजही मुळात तेच करतात.

तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाला दूध पाजल्यावर लांब उडणारी पांढरी उलटी आणि लगेच पुन्हा भूक, हा वेगळा आजार. जठराचं तोंड जाड होतं. छोटं ऑपरेशन पुरतं, पण आधी क्षार भरून काढावे लागतात.

शी पांढरट, मातकट होत असेल आणि दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल, तर पित्तनलिका बंद आहे का हे बघायला हवं. त्यावरचं, कसाई या जपानी सर्जनच्या नावाचं ऑपरेशन ६० दिवसांच्या आत झालं तर यश जास्त. उन्हात धरत बसू नका.

सहावी पायरी : संशय आला, आता प्रवास

१. तोंडानं काहीही नाही. दूध नाही, पाणी नाही, ग्राइपवॉटर नाही.

२. ऊब. टोपी, मोजे, आणि शक्य असेल तर आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर कांगारूसारखं बांधून. गारठलेल्या बाळाला सर्जन लगेच टेबलावर घेऊ शकत नाही.

३. आतडं अडलं असेल तर जठरात ८ किंवा १० नंबरची नळी, तिचं बाहेरचं टोक उघडं ठेवून, आणि दर थोड्या वेळानं सिरिंजनं ओढून. नळी घालून बांधून ठेवली तर तिचा उपयोग नाही. जन्मानंतर लगेच जठरातून २० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी निघालं, तर तेही लिहून द्या.

४. अन्ननलिकेचा संशय असेल तर डोक्याकडची बाजू उंच, आणि दर १० ते १५ मिनिटांनी वरच्या पिशवीतली लाळ ओढणं. यात एकदाही चुकायचं नाही, रुग्णवाहिका घाटात असली तरी.

५. पोटाला छिद्र असून आतडं बाहेर असेल तर ते आत ढकलू नका. ओल्या गॉजनं गुंडाळू नका, बाळ गारठतं. निर्जंतुक प्लास्टिक पिशवीत बाळाला छातीपर्यंत ठेवा आणि उजव्या कुशीवर झोपवा, म्हणजे आतड्याचा देठ पिळला जात नाही.

६. सलाइन, व्हिटॅमिन के आणि अँटिबायोटिक दिलं असेल तर वेळ आणि मात्रा चिठ्ठीवर.

सोबत एक्स-रे आणि ते न धुतलेलं दुपटं. आई बाळंतपणातून उठलेली नसेल तर तिच्या रक्ताचा नमुना नाव लिहून पाठवा, रक्त जुळवताना लागतो. निघण्याआधी समोरच्या दवाखान्यात फोन करून खाट आहे का विचारा. बाळ घेऊन तीन दारं फिरण्यात जी रात्र जाते, ती परत मिळत नाही. मुंबईत वाडिया, केईएम, सायन, पुण्यात ससून, नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, इथे बाळांच्या शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. आजारी नवजाताला सरकारी व्यवस्थेत वाहतूक आणि उपचार मोफत मिळण्याची सोय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे, १०८ किंवा १०२ ला फोन करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला किंवा डिस्चार्ज कार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांना भेटा.

सातवी पायरी : तिथे पोचल्यावर

शीची जागा बंद असलेल्या बाळाला कित्येकदा २४ तास थांबवतात. नातेवाइकांना वाटतं, कोणी लक्षच देत नाही. लक्ष असतं. गिळलेली हवा आतड्याच्या टोकापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो, मग बाळाला पालथं ठेवून काढलेल्या एक्स-रेत आतडं कातडीपासून किती वर संपतं ते दिसतं. हृदय, मूत्रपिंडं आणि मणके यांचीही तपासणी होते, कारण हे दोष बऱ्याचदा सोबत येतात. ड्युओडेनम बंद असलेल्या बाळांपैकी साधारण एक तृतीयांशांना डाउन सिंड्रोम असतो, तेही डॉक्टर बोलतील.

शीची जागा बंद असलेल्या बाळाचं आतडं अगदी खालपर्यंत आलं असेल तर एकाच ऑपरेशनमध्ये भागतं. वरच संपत असेल तर तीन टप्पे: आधी पोटावर शीची वाट म्हणजे कोलोस्टॉमी, काही महिन्यांनी शीची जागा तयार करणं, आणि शेवटी पोटावरची वाट बंद. मधलं ऑपरेशन अल्बर्टो पेन्या यांनी १९८० मध्ये पहिल्यांदा केलं आणि जगभर ते त्यांच्या पद्धतीनं होतं. अन्ननलिकेच्या बाबतीत, बाळाचं वजन बरं असेल आणि हृदयात मोठा दोष नसेल, तर सुसज्ज केंद्रात दहातली नऊहून अधिक बाळं वाचतात.

या सगळ्या दिवसांत आईनं दर दोन-तीन तासांनी दूध पिळून काढत राहायचं, रात्रीसुद्धा. बाळ पीत नाही म्हणून थांबलं की दूध आटतं. सायनच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तुमच्या दवाखान्यात अशी पेढी आहे का, हे विचारा.

आठवी पायरी : पोटावरच्या वाटेसह घरी

घरी जायच्या आधी दोन दिवस आईनं आणि आणखी एका माणसानं स्टोमाची, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाची, निगा स्वतःच्या हातानं करून दाखवावी, तेव्हाच मी डिस्चार्जला हो म्हणते. स्टोमा गालाच्या आतल्या भागासारखा लाल, ओलसर असतो. पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तरी चालतो. त्याला दुखत नाही. कोमट पाणी आणि मऊ कापडानं पुसायचं, आजूबाजूची कातडी टिपून कोरडी करायची, झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावायचं. मोठ्यांच्या पिशव्या बाळाच्या पोटावर नीट बसत नाहीत. जुन्या सुती साडीची घडी करून वर लंगोट बांधला तरी छान चालतं, फक्त ओलं झालं की लगेच बदलायचं. स्टोमा जांभळा-काळा पडला, खूप बाहेर लोंबला, शी थांबली किंवा हिरवी उलटी झाली, तर थेट दवाखाना.

शीची जागा तयार केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी ती डायलेटरनं, म्हणजे गुळगुळीत सळईनं, रुंद ठेवायची असते, रोज दोनदा, घरीच. इथे बहुतेक आयांचा धीर सुटतो. बाळ रडतं, हात थरथरतो, एक दिवस राहतो, मग आठवडा. जागा आकसली तर पुन्हा ऑपरेशन येतं. म्हणून हे काम बापानं वाटून घ्यावं. एकानं पाय धरायचे, बोलत राहायचं, दुसऱ्यानं वंगण लावून सावकाश घालायचं आणि काढायचं.

हर्षस्प्रंगच्या बाळाला आतडं धुवायला सांगितलं असेल तर सलाइनच वापरायचं, शिकवलं तितकंच. साधं पाणी आतड्यातून शोषलं जाऊन रक्तातलं मीठ कमी होतं आणि बाळाला झटके येऊ शकतात.

पुढची वर्षं

अन्ननलिका जोडलेल्या मुलाला घट्ट पोळीचा घास अडकू शकतो, खोकला कुत्रा भुंकल्यासारखा येतो. ऑपरेशनची जागा आकसत असेल तर दुर्बिणीतून रुंद करतात. शीच्या जागेचं ऑपरेशन झालेल्या मुलांना बद्धकोष्ठ होतं, काहींची चड्डी खराब होते. हा आळस किंवा हट्ट नव्हे. शाळेत घालायच्या आधी, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, सर्जनकडे त्यासाठीच वेगळी भेट घ्या. औषधं आणि ठरावीक वेळी एनिमा यांची नीट घडी बसली, तर मूल वर्गात कोरडं बसतं.

आणि ऑपरेशनच्या नोंदींची झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवा, एक घरी, एक मामाकडे. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. पंधरा वर्षांनी, वेगळ्या गावात, वेगळ्या डॉक्टरांना आत नक्की काय जोडलं होतं ते त्या कागदावरूनच कळणार आहे.